आंबा म्हणजे खाणं नव्हे

त्या शनिवारी शाळेच्या मैदानावर पाय ठेवायला जागा नव्हती. शिरे नदीच्या पलीकडून होड्या भरून माणसं आली होती, सायकलींच्या मागे बसून म्हाताऱ्या आल्या होत्या, आणि दोन बाप्ये तर माझ्या नेटबॉलच्या खांबावर चढून बसले होते. त्यांना मी नावं घेऊन खाली उतरवलं. चमत्कार कुणाचाही असो, खांब शाळेचा आहे.

मधोमध निळी ताडपत्री ताणली होती. तिच्याखाली टेबल, टेबलावर रक्तातली साखर मोजायचं यंत्र, आणि टेबलामागे प्रेषित ग्लॅडसन. पांढरा सूट, पांढरे बूट आणि नोव्हेंबरच्या त्या भट्टीत हातात पांढरे मोजे! लोक त्यांना 'पापा' म्हणायचे. दोन महिन्यांपूर्वी हा माणूस चिलांबे गावात कुणाला ठाऊक नव्हता, आणि आता पंचक्रोशीतल्या साखरेचा तो मालक झाला होता.

"आज पहाटे मी साखरेच्या राक्षसाला समोर बसवलं!" पापा गरजले. "विचारलं, तुझं नाव काय? तो म्हणाला, ग्लुकोज!"

"आमेन!"

"विचारलं, कामधंदा काय? म्हणाला, माणसं वाळवतो! विचारलं, राहतोस कुठे? लाजला. मी म्हटलं, बोल! तेव्हा म्हणाला, बोटात! पापा, मी बोटात राहतो!"

मैदान हसलं, टाळ्या पडल्या. मी हसले नाही. माझं आडनाव न्जोब्वू, म्हणजे हत्ती. अंगानं मी आडनावाला जागते आणि स्वभावानंही. एकदा पाय रोवला की हलत नाही. एकवीस वर्षं गणित शिकवते आहे. कुणी मला उत्तर आधी सांगितलं की मी पायऱ्या मागते.

पापांच्या पायऱ्या अशा होत्या. सगळ्यांनी सकाळपासून काही न खाता यायचं. रांगेत उभं राहायचं. बोट टोचून पहिला आकडा. मग ढोल, आणि तासभर नाच. मग दुसरा आकडा. पहिला चारशेच्या घरात, दुसरा शंभराच्या आसपास. मग सगळ्यांना न्सिमा, म्हणजे मक्याच्या पिठाचा शिजवलेला गोळा, आणि उसिपा माशाचं कालवण, आणि जाताना आशीर्वादाच्या तेलाची एकेक बाटली विकत घेऊन घरी.

त्या दिवशी रांगेत पहिली उभी होती एलुबी. पंधरा वर्षांची, माझ्या संघातली सगळ्यात चपळ पोरगी. तिच्या शरीरात इन्सुलिन बनतच नाही. बाराव्या वर्षी ती वाळत गेली, रात्रंदिवस पाणी पीत सुटली, तेव्हा जिल्ह्याच्या दवाखान्यात नेल्यावर कळलं. तेव्हापासून रोज सुया. औषधाची बाटली घरात ओल्या वाळूच्या मडक्यात गार ठेवलेली असते, आणि बोट टोचायच्या पट्ट्या महिन्याला मोजून मिळतात.

"खाल्लंस का काही?" पापांनी विचारलं.

"नाही, पापा," एलुबी म्हणाली.

टोचलं. "चारशे बारा!"

मैदान हळहळलं. तिची आई फायनेसी तर मटकन खालीच बसली. माझ्या मात्र कपाळाला आठी पडली. त्याच सकाळी सातला एलुबी मला विहिरीवर भेटली होती. तिच्या स्वतःच्या यंत्रावर एकशे एक्कावन्न होते, सुईही घेऊन झाली होती. तीन तासांत, काही न खाता, सुई घेऊन, साखर एवढी चढते कशी?

मग ढोल वाजले. चारशे माणसं नाचली. गावप्रमुख म्बेंडेरा आजोबा, ज्यांना शाळेच्या पायऱ्या चढायला दोन माणसं लागतात, तेही नाचले. कारण त्यांचा आकडाही चारशे छत्तीस आला होता. तास संपत आला तशी मी एलुबीवर नजर ठेवली. तिचे ओठ थरथरत होते, अंगाला दरदरून घाम आला होता, आणि डोळे कुठेतरी हरवले होते.

"बघा, बघा!" पापा ओरडले. "राक्षस सोडून जातोय!"

राक्षस कसला डोंबलाचा. तिची साखर खाली घसरत होती. हे मी आधीही पाहिलं होतं. तिच्या आजाराचं पहिलंच वर्ष होतं. सरावात ती कोसळली, आणि मी तिच्या गालात साखर कोंबली होती. नंतर दवाखान्यातल्या सिस्टरनं मला बसवून सगळं समजावलं. खेळताना स्नायू रक्तातली साखर ओढून घेतात. सुई घेतलेली असेल, पोट रिकामं असेल आणि वर दमछाक झाली, तर आकडा धपकन पडतो. म्हणून आमचा नियम ठरला. खेळाआधी मोजायचं, कमी असेल तर केळं खायचं, खिशात साखरेच्या गोळ्या ठेवायच्या, मध्यंतरात पुन्हा मोजायचं आणि झोपण्याआधीही बघायचं. या नियमांवर ती पोर तीन वर्षं खेळते आहे. खेळ सुरू झाल्यापासून तिचे आकडेही पूर्वीपेक्षा शहाण्यासारखे वागू लागले आहेत.

पापांनी दुसऱ्यांदा टोचलं. "अडुसष्ट! चारशे बारावरून अडुसष्ट!"

लोकांनी तिला खांद्यावर घ्यायच्या आत मी घुसले आणि तिच्या तोंडात दोन गोळ्या सारल्या.

"मॅडम, आशीर्वादात साखर कशाला घालता?" पापा गोड हसून म्हणाले.

"आशीर्वाद जरा जास्तच झालाय, म्हणून," मी म्हटलं.

नाचून एलुबीची साखर उतरली, यात मला नवल नव्हतं. हा चमत्कार मी दर मंगळवारी पाहते, आमच्याकडे तो हाफपँटीत होतो. पण म्बेंडेरा आजोबांना कधी हा आजार नव्हता. त्या दिवशी रांगेतल्या पस्तीस माणसांपैकी पस्तीसही आजारी निघाले आणि पस्तीसही बरे झाले. माझ्या वर्गात पस्तीसच्या पस्तीस पोरांचं उत्तर एकसारखं आलं, तर मी शाबासकी देत नाही, पहिल्या बाकाखाली बघते.

म्हणून नव्या माणसांची पहिल्या आकड्याची रांग लागली, तेव्हा मी स्वतः ऐनवेळी तिच्यात शिरले. आधी नळावर जाऊन तोंडावर पाणी मारलं, कारण ऊन सहन होत नव्हतं. माझी पाळी आली, तशी पांढऱ्या डगल्यातली मदतनीस बाई माझ्या हाताकडे बघून दचकली.

"ओले हात चालत नाहीत, मॅडम. बाजूला व्हा."

"पुसते की."

"नाही, नाही. यंत्र बिघडतं. पुढच्या शनिवारी या."

पाण्यानं बिघडणारं यंत्र घामानं का बिघडत नाही, हे मी विचारणार होते. पण तेवढ्यात पापांनी हात वर केले आणि मैदान शांत झालं.

"पुढच्या शनिवारी ही मुलगी आपलं औषधाचं मडकं इथे फोडेल! एक दिवस आधीपासून सुई बंद! राक्षसाला जो रोज जेवू घालतो, त्याच्या घरातून राक्षस कशाला जाईल?"

फायनेसी रडत होती, आनंदानं.

मंगळवारी सराव होता. चिलांब्यात नोव्हेंबर-डिसेंबरात मक्याची कणगी तळाला जाते आणि झाडं आंब्यांनी वाकतात, त्यामुळे मध्यंतरात पोरी नेहमीसारख्या आंबे चोखत बसल्या. एलुबी बोट टोचत होती. तिच्या शेजारी होती आमची गोलरक्षक मेरेसी, तोंडानं भारी आणि छातीनं भित्री.

"माझं पण बघ ना," मेरेसी म्हणाली. "पापा म्हणतात, प्रत्येकाच्या बोटात तो असतोच."

"पट्ट्या मोजून मिळतात, शहाणे."

"एकच गं!"

एलुबीनं कुरकुरत टोचलं. यंत्रानं तीनशे अठ्ठ्याऐंशी दाखवले. मेरेसीनं असा गळा काढला, की शेजारच्या वर्गातले मास्तर धावत आले. "मी मरणार! मॅडम, मी मरणार!"

"खाल्लं होतंस का काही?" एलुबीनं विचारलं.

"काही नाही गं! सकाळपासून काही नाही!"

तिच्या मनगटावरून आंब्याचा रस कोपरापर्यंत ओघळला होता.

मी बघतच राहिले. आमच्याकडे न्सिमाचा गोळा पोटात गेला तर माणूस जेवला. बाकी सगळं म्हणजे तोंड हलवणं. दिवसभरात दहा आंबे खाल्लेला माणूस संध्याकाळी शपथेवर सांगतो, मी उपाशी आहे, आणि तो खोटं बोलत नसतो. आणि हात? हात धुवायचे ते न्सिमाच्या आधी. कुणीतरी तांब्यानं पाणी घालतं, आपण हात पुढे करतो. आंब्याला कोण हात धुतं? आंबा म्हणजे खाणं नव्हे.

एलुबीच्याही डोक्यात तेच चाललं असावं. ती एकदम उठली आणि मेरेसीला दंडाला धरून नळावर घेऊन गेली. "सिस्टर दर वेळी सांगते, आधी हात धू. चोळून धू. नखंसुद्धा."

आणखी एक पट्टी खर्ची पडली. मेरेसीच्या धुतलेल्या, पुसलेल्या बोटावर शहाण्णव निघाले.

"मॅडम," एलुबी हळूच म्हणाली, "शनिवारी रांगेत पापांच्या मदतनीस बायकांनी सगळ्यांना आंबे वाटले होते. आशीर्वादाचे म्हणून. मीही खाल्ला. आणि दुसऱ्यांदा टोचायच्या आधी..."

"न्सिमासाठी हात धुतले," मी वाक्य पुरं केलं.

जेवण दुसऱ्या आकड्यानंतर होतं, पण हात धुवायचा तांब्या त्याच्या आधीच फिरला होता, आणि तो सगळ्यांनी पाहिला होता. चारशे माणसांनी डोळ्यांदेखत हात धुतले होते, आणि एकालाही तो तांब्या दिसला नव्हता, कारण रोजचाच होता. पापा खोटं बोलता बोलता एक गोष्ट अगदी खरी बोलून गेला होता. राक्षस बोटातच होता.

त्याच संध्याकाळी मी फायनेसीकडे गेले. सगळं सांगितलं. एलुबीनंही सांगितलं. फायनेसी सुपातला मका निवडत राहिली.

"ते यंत्र दवाखान्याचं आहे, मॅडम. दवाखान्याला आजारी माणसं हवीच असतात. पापांचं यंत्र खरं."

"अगं, यंत्रं दोन्ही सारखीच आहेत! हात वेगळे आहेत!"

"तीन वर्षं मी माझ्या लेकीला रोज सुया टोचतेय. तुम्ही टोचल्यात?" तिनं वर पाहिलं. "तुम्हाला मूल असतं ना मॅडम, तर तुम्हीसुद्धा नाचला असता."

हे वर्मी लागलं. मी उठून आले. वाटेत मला रडू आलं, रागानं आणि तिच्या म्हणण्यात थोडं खरं होतं म्हणूनही. पण एक गोष्ट पक्की झाली. जे दाखवायचं ते पापाच्याच यंत्रावर, पापाच्याच टेबलावर.

शनिवार उजाडला. गर्दी दुप्पट. फायनेसी मडकं छातीशी धरून पुढे बसली होती. एलुबी तिच्या शेजारी, पाण्याची बाटली तोंडाला लावून. मी जवळ गेले. तिच्या ओठांना भेगा पडल्या होत्या आणि श्वासाला कुजक्या फळासारखा वास येत होता.

"सुई?" मी विचारलं.

"काल सकाळची शेवटची, मॅडम. आई देईना. दोनदा उलटी झाली."

मी एक क्षणही थांबले नाही. म्बेंडेरा आजोबा पहिल्या खुर्चीत आंबा चोखत बसले होते. मी त्यांच्यापुढे गुडघे टेकले आणि मोठ्यानं म्हटलं, "आजोबा, गेल्या शनिवारी पापांनी तुम्हाला बरं केलं ना?"

"केलं म्हणजे! ठणठणीत!"

"मग आधी तुमचंच बोट दाखवा की. बाहेरगावच्या लोकांचा विश्वास बसेल."

आजोबा फुलले. पापाचा चेहरा मात्र उतरला. "प्रमुखांना कशाला त्रास..." तो म्हणाला, पण आजोबांनी बोट पुढे केलंही होतं. टोचलं. चारशे दोन.

"अरे देवा! उलटला!" मागून कुणीतरी ओरडलं.

"शंका!" पापानं माझ्याकडे बोट रोखलं. "या बाईच्या शंकेनं राक्षस परत आणला! ढोल वाजवा! प्रमुख, नाचा!"

"पुन्हा?" आजोबा कळवळले. "आठवडाभर गुडघ्याला पाला बांधून बसलो होतो रे बाबा!"

"नाचायचं कशाला?" मी म्हटलं. "आधी हात धुवा."

न्सिमाच्या पातेल्याजवळचा तांब्या मी उचलला. मदतनीस बाई धावली, पण आजोबांनी सवयीनं दोन्ही हात पुढे केले होते. वडीलधारा हात पुढे करून बसला असताना त्याच्यासमोरून पाणी हिसकावून घेईल, असं माणूस आमच्याकडे अजून जन्माला यायचंय. ती जागच्या जागी थबकली. मी पाणी घातलं, बोटं चोळली, माझ्या कमरेला गुंडाळलेल्या चितेंजे या कापडाच्या टोकानं कोरडी केली.

"आता टोचा, पापा. तुमच्याच यंत्रावर."

तो टोचेना. मग आजोबांनीच त्याला खडसावलं, "टोच रे!"

आकडा सत्त्याण्णव आला. ढोल नाही, नाच नाही, आमेनसुद्धा नाही.

आजोबांनी आधी बोटाकडे पाहिलं, मग हातातल्या कोयीकडे, मग पापाच्या पांढऱ्या मोज्यांकडे.

"म्हणजे," ते सावकाश म्हणाले, "मी गुडघे मोडेपर्यंत नाचलो ते आंब्यासाठी?"

कुणीतरी फिसकन हसलं आणि मग सगळं मैदान हसलं. माणसं आपापली बोटं चाटून बघू लागली. तेवढ्यात पापा ओरडला, "हसू नका! म्हातारा आजारी नसेल, पण ही मुलगी आहे ना? गेल्या शनिवारी बरी झाली की नाही? तिला नाचू द्या! नाचली की उतरेल!"

एलुबी उठली. धडपडत टेबलापाशी आली. तिनं स्वतःच तांब्या घेतला, हात धुतले, नखंसुद्धा, आणि माझ्या चितेंजेला पुसले. मग पापाच्या यंत्रावर स्वतः टोचलं.

तीनशे चौऱ्याण्णव.

"परत धू," फायनेसी म्हणाली. आवाज तिचा वाटतच नव्हता.

एलुबीनं परत धुतले. परत टोचलं. तीनशे नव्वद. ती वळली. "आई, माझी धुतल्यानं जात नाही गं."

"नाच, मुली!" पापा म्हणाला.

"आज नाचली तर मरेल!" मी इतक्या मोठ्यानं ओरडले, की नदीवर ऐकू गेलं असेल. "ऐका सगळे. गेल्या शनिवारी नाचून हिची साखर उतरली, कारण सकाळी सुई घेतली होती. अंगात औषध असेल तरच पळण्याचा उपयोग. औषधच नसेल, तर पळून साखर आणखी चढते आणि रक्तात आम्ल साचतं. म्हणून हिला उलट्या होतायत. खेळ हा औषधाचा जोडीदार आहे, त्याच्या जागी बसणारा नाही. आणि फायनेसी, माझ्या पोटची नाही ती, खरं आहे. पण पुढच्या मंगळवारी मला ती मैदानावर हवी आहे. मडकं उघड!"

फायनेसीनं मडकं मांडीवर घेतलं, ओल्या वाळूत हात घातला आणि बाटली काढली. आठशे माणसांसमोर, जिथे ते मडकं फुटायचं होतं तिथेच बसून, तिनं लेकीला सुई दिली. सुई नेमकी गेली. तीन वर्षांचा सराव होता. लगेच आम्ही एलुबीला सायकलवर मधे बसवून दवाखाना गाठला. तिथून गाडीनं जिल्ह्याला. तीन दिवस सलाईन लागलं. आणखी एक दिवस उशीर झाला असता तर पोर हाती लागली नसती, असं सिस्टर म्हणाली.

आम्ही परतलो तेव्हा ताडपत्री गेली होती, पापाही गेला होता. त्याला कुणी मारलं नाही, पकडलं नाही, आणि याचं मला वाईट वाटतं. तो आत्ताही नदीच्या खालच्या अंगाला कुठेतरी असेल, मोजे धुऊन पांढरे करत. आंब्याचा मोसम संपला तर दुसरं काही शोधेल. म्हणूनच हे लिहिते आहे. उद्या तुमच्या गावात कुणी आकडा दाखवून चमत्कार सांगितला, तर आकड्याला हात जोडण्याआधी विचारा, त्याच्या आधी काय झालं? आणि त्याच्याही आधी? सगळ्यांना सवयीचं म्हणून कुणालाच दिसत नाही, ते नीट बघा. नाचा, धावा, मुलांना खेळू द्या, विशेषतः या आजाराच्या मुलांना. खेळानं त्यांचं भलंच होतं. पण मोजून खेळू द्या, औषध घेऊन खेळू द्या, आणि जो कुणी औषध टाकायला सांगेल त्याच्या तोंडावर दार लावा.

पुढचा मंगळवार चुकला, त्याच्या पुढच्या मंगळवारी एलुबी आली. तिच्या मागून फायनेसी आली, हातात तांब्या घेऊन. मैदानाच्या कडेला बसली आणि लेकीला हाक मारली.

"खाल्लंस का काही?"

"नाही, आई."

"आंबा?"

एलुबीनं हात पाठीमागे नेले. "दोन," ती म्हणाली.

"हात पुढे कर," फायनेसी म्हणाली, आणि पाणी घालू लागली.